पाचवा झटका

चहाचा कप ठेवायला जागा करावी म्हणून बारकीनं टेबलावरचा पत्र्याचा ट्रे सरकवला, तर आत काहीतरी किणकिणलं. तिनं वाकून पाहिलं. बोटभर रुंदीची, गोल वळलेली पोलादी पट्टी होती. एका टोकाशी केसाएवढी चीर.

कप तिच्या हातातच राहिला.

ती चेनसॉच्या ब्रेकची पट्टी होती. करवतीच्या पोटात, क्लचच्या वाटीभोवती ती बसते. पुढचा दांडा ढकलला की पट्टी वाटीला आवळते आणि फिरती चेन जागच्या जागी थांबते. ही पट्टी बारकीनं काल स्वतःच्या हातानं चिमणीतून काढली होती. नवी पट्टी आज दुपारच्या टपालानं यायची होती.

चिमणी म्हणजे दादाची झाडावर घेऊन जायची छोटी करवत. बुंधे कापायच्या मोठीचं नाव म्हैस. घरच्या या दुकानात करवती विकल्या जायच्या, दुरुस्त व्हायच्या, आणि या दोघींना तर घरच्या माणसांएवढाच मान होता. दुरुस्ती बारकीकडे, गल्ला वहिनीकडे, आणि दादा झाडांवर. बारकी आता चौतिशीला आली होती, पण घरात कुणी तिला दुसऱ्या नावानं हाक मारत नसे.

"वहिनी, चिमणी कुठेय?"

"कुठे असणार? तुझ्या दादाच्या खांद्यावर." पुढच्या दालनातून वहिनीचा आवाज आला. "गेले की मघाशीच. उशीर झाला म्हणून मलाच ओरडत होते, जसं काही झाड पळून जाणार होतं."

"तू दिलीस?"

"मांडणीवर होती, फडकं नव्हतं. मग दिली." वहिनी दारात आली. "फडकं नाही म्हणजे तयार. नियम तुझाच ना, वन्संबाई?"

नियम तिचाच होता. दुकानात मांडणी एकच. तयार करवती आणि अर्धवट करवती शेजारीशेजारी असायच्या. ओळखायची खूण एकच, अर्धवट करवतीच्या दोरीच्या मुठीला बांधलेलं लाल फडकं. फडकं असेल तर ती करवत कुणी हलवायचीसुद्धा नाही. सहा वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता.

बारकीचा हात एप्रनच्या खिशात गेला. फडकं तिथेच होतं.

सकाळी कार्ब्युरेटर जुळवताना तिनंच ते सोडलं होतं. फडकं मुठीला असेल तर दोरी ओढता येत नाही, आणि इंजिन चालू केल्याशिवाय कार्ब्युरेटर जुळत नाही. पातं आणि चेन चढवून, झाकण लावून तिनं चिमणी पाच मिनिटं पळवली, सूर जुळवला, बंद केली. तेवढ्यात एक माळी पेट्रोलनं तुंबलेलं यंत्र घेऊन आला आणि "ताई, हे तेवढं बघा ना" म्हणत डोक्यावर उभा राहिला. तिनं चिमणी मांडणीवर ठेवली. फडकं खिशात राहिलं.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं. तिचा आवाज आता मस्करीचा राहिला नव्हता.

"ब्रेक नाहीये तिच्यात."

"म्हणजे? मी देताना त्यांनी दांडा हलवून पाहिला. टक् वाजलं. मी ऐकलंय."

तीच तर भीती होती. टक् हा आवाज पट्टीचा नसतोच. दांड्याच्या मुळाशी एक वेगळी स्प्रिंग असते, दांडा मागेपुढे झाला की ती खाचेत बसते आणि वाजते. आत पट्टी असो नसो, टक् तेवढाच खणखणीत. म्हणून तर बारकी दादाला नेहमी सांगायची की चेन फिरत असताना ब्रेक मारून बघत जा, रोज, एकदा तरी. दादा म्हणायचा, "वाजलं ना टक्? मग झालं. तू काय त्याची सोनोग्राफी करणार आहेस?"

तिनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. दादाचा फोन कामाच्या वेळी गाडीत, डब्याच्या पिशवीत असतो. खाली दोर सांभाळणारे काका फोन वापरतच नाहीत. त्यांना कुणी गाठायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागतं.

"किती वाजता गेला? नीट आठवून सांग."

"नऊला पाच कमी. बातम्या लागायच्या होत्या."

घड्याळात नऊ चाळीस. बारकीला घाबरली की हिशेब सुचायचे, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव होता. आजचं झाड ग्रंथालयाच्या मागच्या अंगणातलं. तिथपर्यंत गाडीनं बारा मिनिटं. दोर कालपासूनच झाडावर लावलेला, म्हणजे चढायला, पट्टे आवळायला पंधरा. करवत तिनं नुकतीच पळवली होती, कोमट होती, म्हणजे पहिल्या खेपेला चोकची गरज नाही. एका झटक्यात सुरू झाली असणार. थंड असती तर काकांनी ती जमिनीवर पाय देऊन सुरू केली असती, ब्रेक लावलेला असूनही चेन फिरलेली दिसली असती, आणि सगळं तिथेच उघडं पडलं असतं. तेवढंही नशीब नव्हतं.

म्हणजे अठरा मिनिटं कापणं झालं. चिमणीची टाकी पुरते साधारण अर्धा तास.

आणि टाकी संपली की चिमणीची ती खोड. गरम असताना बंद केली की ती रुसायची. इंजिनाच्या धगीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि दहा-बारा मिनिटं ती काही केल्या सुरू होत नाही. त्यावर एक युक्ती होती. चोकचा खटका बाहेर ओढून परत आत सारायचा, म्हणजे चोक सुटतो पण रेस अर्धी दाबलेल्या स्थितीत अडकून राहते. मग झटका दिला की ती सुरू होते आणि सुरू होताक्षणीच चेन भरधाव फिरते. ती फिरू नये म्हणून आधी ब्रेक लावायचा. दादा ब्रेक लावणारच. टक् वाजणारच. आणि मग तो करवत डाव्या हातात मांडीशी लटकती धरून उजव्या हातानं दोरी ओढणार. मांडीच्या त्याच बाजूला त्याचा कमरेचा पट्टा आणि वरचा दोर. चाळीस फुटांवर.

ही युक्ती त्याला बारकीनंच शिकवली होती.

"स्कूटरची किल्ली दे," ती म्हणाली.

वहिनीनं किल्ली दिली नाही, हातात कोंबली. "अगं, पण काय होईल?" असं तिनं विचारलं नाही. बारकीच्या तोंडाकडे पाहून तिला ते कळलं होतं. "पळ," एवढंच म्हणाली, आणि दारातलं गिऱ्हाईक हातानं बाजूला सारून तिला वाट करून दिली.

रस्त्यावर गर्दी नव्हती, तरी प्रत्येक सिग्नल तिला पाहूनच लाल होतोय असं वाटत होतं. कापताना पातं उसळलं तर? ती शक्यता होती. उसळी रोज येत नाही. महिन्यातून एकदा येते, दादाचा हात कसलेला आहे, तो सावरतो. पण टाकी संपल्यावरचा प्रकार शक्यतेतला नव्हता. तो होणारच होता, दर खेपेला होतो तसा, त्याच क्रमानं. बारकीला वाटलं, इतकी वर्षं आपण हा क्रम पाठ करून ठेवला तो आजच्यासाठीच की काय. तिनं तो विचार ढकलून दिला.

ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर वळतानाच तिला चिमणीचा आवाज आला. तिचा जीव भांड्यात पडला, कारण आवाज म्हणजे टाकीत पेट्रोल. पण पुढच्याच श्वासाला तो आवाज चढला. कापताना असतो तसा भरलेला, घोगरा सूर पातळ झाला, उंच झाला, शिट्टीसारखा. टाकी संपत आली की पेट्रोलबरोबर हवा आत खेचली जाते आणि करवत मरायच्या आधी किंचाळते. नवशिक्यांना वाटतं यंत्राला जोर आला.

मग आवाज बंद झाला. मागच्या अंगणाकडे जायला अख्ख्या आवाराला वळसा पडायचा, त्यात तीन मिनिटं गेली.

बारकीनं स्कूटर स्टँडवरही लावली नाही, भिंतीला टेकवून दिली. मागच्या अंगणाला पिवळी फीत बांधलेली होती. ग्रंथपालबाई खिडकीतून बघत होत्या. फितीखालून वाकून ती आत धावली. काका अजून टाकी भरत असतील, ही तिची आशा फुकट गेली. ते मोकळ्या हातांनी वर बघत उभे होते. टाकी भरून करवत वर गेली होती. काकांचा हात या कामात फार चलाख होता, आणि त्या क्षणी बारकीला त्या चलाखीचा राग आला.

"काका, थांबवा त्याला!"

"कुणाला? अगं, तू इकडे कशी? फितीच्या आत हेल्मेटशिवाय..."

"चिमणीला ब्रेक नाहीये! थांबवा!"

काका गर्रकन झाडाकडे वळले. ते दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले. बारकीही ओरडली. वर पानांमध्ये दादाची केशरी पाठ दिसत होती, त्यांच्याकडे वळलेली, आणि हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना कानांवर दाबून बसवलेली काळी झाकणं. तीही बारकीनंच बदलून दिली होती गेल्या महिन्यात, जास्त चांगली, माणसाचा आवाज अजिबात आत न येणारी.

दादाला त्यांचं ऐकू जात नव्हतं, पण त्याचं खाली स्वच्छ ऐकू येत होतं.

"ये गं राणी," तो म्हणाला आणि त्यानं दोरीला झटका दिला. इंजिन फुर्र झालं आणि थांबलं.

काकांनी आणि बारकीनं एकमेकांकडे पाहिलं. चिमणीशी बोलायची दादाची पद्धत दोघांनाही तोंडपाठ होती. पाच झटके, पाच संबोधनं, रोज त्याच क्रमानं, लाडापासून शिवीपर्यंत. पाचव्यानंतर युक्ती.

"चार राहिले," काका म्हणाले. ते करवत चढवायच्या दोराला हिसके देत होते, पण तो दोर दादानं सोडून फांदीला अडकवून ठेवला होता. नुसती फांदीच हलत होती. त्यांनी एक काटकी उचलून भिरकावली. ती निम्म्यावरूनच परत आली.

"ये की बये," दादा वर म्हणाला. फुर्र.

बारकीची नजर म्हशीवर पडली.

म्हैस बुंध्याच्या पलीकडे ताडपत्रीवर पडलेली होती. या धंद्यात एक नियम आहे, फडक्याच्या नियमापेक्षा जुना: वर माणूस असताना खाली दुसरी करवत सुरू करायची नाही. वरच्याला वाटतं आपलीच सुरू झाली, किंवा आपला बुंधाच कुणी कापतोय. हा नियम मोडणाऱ्याला दादानं एकदा अंगणातून हाकलून दिलं होतं. माणसाचा आवाज त्या झाकणांतून आत जात नाही. म्हशीचा जातो.

"अगं ए, वर माणूस आहे!" काका ओरडले, आणि मग त्यांना कळलं, ते बाजूला सरले.

म्हैस थंड होती. थंड म्हैस सुरू करणं हे बारकी डोळे मिटून करायची, पण दुकानात, सावकाश. चोक ओढायचा. इंजिनातला दाब सोडायचं बटण दाबायचं. झटके द्यायचे आणि कान द्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला ती एकदा खोकते, अगदी हळू, म्हातारीनं पदराआड खोकावं तसं. तो खोकला ऐकू आला की लगेच चोक आत. नाही ऐकू आला आणि एक झटका जास्त दिला, तर ती पेट्रोलनं तुंबते, आणि मग प्लग काढून सुकवल्याशिवाय तिच्याकडून हूं की चूं होत नाही. चुकायला एकदाही वाव नव्हता.

तिनं मागच्या मुठीत बूट रोवला, डावा हात वरच्या मुठीवर टाकला. चोक. ब्रेक. बटण. झटका.

काही नाही.

"अगं ए भवाने," वरून.

झटका. तिच्या कानांत स्वतःचंच रक्त धडधडत होतं. त्या धडधडीच्या मागे काहीतरी झालं का? खोकली का? तिला कळलं नाही. हातांना मात्र दोरीतून एक बारीकशी ठेच लागल्यासारखी वाटली. सायन्सच्या वर्गात तिला शिकवलं होतं की एका निरीक्षणावर विसंबू नये. दुसरं निरीक्षण घ्यायला वेळ नव्हता. वर दादा म्हणत होता, "अवदसे," आणि त्याचा चौथा झटका झाला होता.

"खोकली का, काका?"

"मला काय ऐकू येतंय! तू ठरव!"

तिनं चोक आत सारला. बटण दाबलं.

"टवळे!" दादा ओरडला. पाचवा. फुर्र. मग शांतता. त्या शांततेत चाळीस फुटांवरून एक आवाज खाली आला, लहान, स्वच्छ, खात्रीचा.

टक्.

बारकीनं झटका दिला.

म्हैस पेटली. तिच्या डरकाळीनं ग्रंथालयाच्या काचा थरथरल्या. बारकीनं रेस दाबून अडकलेला खटका सोडवला आणि पुन्हा दाबली, सोडली, दाबली, सोडली. धुराच्या निळ्या पडद्यातून ती वर बघत राहिली. केशरी पाठ क्षणभर दगडासारखी झाली. मग दादा कमरेतून वळला आणि खाली पाहिलं. त्याचा उजवा हात दोरीच्या मुठीवर होता. दोरी हातभर बाहेर आलेली.

बारकीनं म्हैस बंद केली आणि तळहात गळ्यावरून आडवा फिरवला. बंद. पुन्हा. बंद. बंद.

दादानं दोरी हळूच परत जाऊ दिली. कानावरचं एक झाकण वर सरकवलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" त्याचा आवाज संतापानं फाटला होता. "वर माणूस असताना म्हैस? बारके, तू आहेस म्हणून, नाहीतर..."

"ब्रेक नाहीये, दादा! आत पट्टीच नाहीये!"

"आहे की!" त्यानं दांडा मागे घेतला, पुढे ढकलला. टक्. "वाजतंय ऐक!"

"ते खोटं आहे! ते नुसतं वाजतं! पट्टी माझ्या टेबलावर आहे!"

दादानं हातातल्या करवतीकडे पाहिलं, मग ती जिथे लटकत होती तिथे, स्वतःच्या मांडीकडे, पट्ट्याकडे, दोराकडे. खटका अर्ध्या रेसवर होता. तो त्यानं फार हळू, झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढून घ्यावं तसा सोडवला. मग दोराला चिमणी अडकवली आणि खाली सोडली.

तो उतरेपर्यंत बारकी उभी होती. उतरल्यावर ती कापून ठेवलेल्या ओंडक्यावर बसली.

दादा तिला ओरडला नाही. हेल्मेट काढून त्यानं चिमणी जमिनीवर ठेवली, पात्यासमोरून काकांना बाजूला केलं, मागच्या मुठीवर बूट दाबला. ब्रेक लावला. टक्. चोकचा खटका बाहेर, परत आत. झटका दिला.

पहिल्याच झटक्याला सुरू झाली, आणि चेन धुरकट रेघ होऊन फिरायला लागली. ब्रेकचा दांडा पुढे होता. चेन फिरतच होती. पात्याच्या टोकाला एक वाळकं पान लागलं आणि दिसेनासं झालं.

दादानं ती बंद केली.

"फडकं कुठं होतं?" वाकलेल्यानंच त्यानं विचारलं.

बारकीनं खिशातून काढून दाखवलं.

त्यानं मान हलवली. मग कमरेच्या पट्ट्याची कडी सोडवायला गेला. ती कडी तो दिवसातून दहा वेळा सोडवायचा, न बघता. आता त्याची बोटं त्यावरून सटकत होती. दोनदा. तीनदा.

"बारके," तो म्हणाला, "एवढी कडी काढ गं जरा."

तिनं उठून काढली. तिचीही बोटं काही सरळ नव्हती, त्यामुळे दोघांना मिळून वेळ लागला. काकांनी तोंड फिरवून दोर गुंडाळायला घेतला, आणि गुंडाळलेला दोर पुन्हा सोडून परत गुंडाळला.

"म्हैस कितव्याला उठली?" दादानं विचारलं.

"तिसऱ्याला."

"माझ्याकडून सहाव्याला उठते, टवळी." तो हसायला गेला, पण ते हसू वाटेतच अडकलं.

त्या दिवशी झाड तसंच राहिलं. दुपारच्या टपालानं नवी पट्टी आली. बारकीनं ती बसवली, झाकण लावलं, आणि चिमणी पळवून चेन फिरत असताना ब्रेक मारला. चेन थांबली. तिनं पुन्हा मारला. पुन्हा. अकरा वेळा मारल्यावर वहिनी मागच्या दालनात आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण तिनं त्याबद्दल काही बोलू दिलं नाही.

"मनगटाला काय झालं? रक्त आहे का?"

बारकीनं हात पुढे केला. दोरीच्या मुठीवरून सोडलेलं लाल फडकं तिनं मनगटाला घट्ट बांधलं होतं, दोन गाठी मारून.

"काही नाही," ती म्हणाली. "करवत अजून तयार नाहीये."

आणि तिनं बाराव्यांदा ब्रेक मारला.